अन्नवस्त्र, वजिफा, पगार : धाराशिव जिल्ह्यातील वार्धक्यनिर्वाहाचा शब्दसाक्षी इतिहास

मुलगा ही म्हातारपणाची काठी, असे मराठीत म्हणतात. वार्धक्यातील निर्वाहाचा प्रश्न मराठी समाजाने दीर्घकाळ कसा सोडविला, याचे जवळजवळ संपूर्ण उत्तर या एका रूपकात आहे. त्या उत्तरातील उणीवही त्यातच आहे. काठी आधार देते, परंतु तिला स्वतःचे उत्पन्न नसते. ज्या घरात शेत, वतन, बलुते किंवा देवस्थानातील हक्क होता, त्या घरातील काठी भक्कम असे. ज्या घरात यांपैकी काहीच नव्हते, तेथील काठी म्हाताऱ्याइतकीच दुबळी. म्हणून म्हातारपणाच्या सोयीचा इतिहास हा केवळ मुलांच्या कर्तव्यबुद्धीचा इतिहास नव्हे. तो प्रामुख्याने उत्पन्नाच्या साधनांचा इतिहास आहे, आणि त्या साधनांना लोकांनी व सरकारांनी कोणती नावे दिली याकडे लक्ष दिल्यास तो अधिक स्पष्ट होतो.

धाराशिव जिल्हा अशा अभ्यासास विशेष अनुकूल आहे. येथील कारभाराची भाषा वारंवार बदलली. गावकामगारांचे दप्तर मोडी मराठीत होते. वरिष्ठ दरबाराचे व्यवहार प्रथम फारसीत व एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उर्दूत चालत. मध्यंतरी १८५३ च्या तहान्वये नळदुर्गचा हा मुलूख इंग्रजांकडे गेला, मेडोज टेलर याने त्याचा कारभार पाहिला, आणि १८६० मध्ये तो निजामाकडे परत आला. विसाव्या शतकाच्या आरंभी जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गहून धाराशिवास आले व नावही उस्मानाबाद झाले. १९४८ च्या सप्टेंबरात भारतीय सेनेची मुख्य तुकडी सोलापूरकडून नळदुर्गच्याच वाटेने हैदराबादेकडे निघाली. पुढे १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. १९८२ मध्ये त्यातून लातूर जिल्हा वेगळा निघाला, आणि २०२३ मध्ये धाराशिव हे जुने नाव सरकारी कागदावर परत आले. प्रत्येक सत्तांतराबरोबर म्हाताऱ्या माणसाच्या निर्वाहासाठी एक नवा शब्द आला. मात्र जुना शब्द सहसा पूर्णपणे गेला नाही. तो अर्थ बदलून किंवा संकोचून राहिला.

सर्वांत जुना थर हा वाट्याचा आहे. गावगाड्यात कुंभार, सुतार, न्हावी, परीट इत्यादी बलुतेदारांस खळ्यावर जे धान्य मिळे, ते व्यक्तीला नव्हे तर घराला मिळे. हात थरथरू लागलेल्या सुताराच्या जागी त्याचा मुलगा नांगर भरून देई व बलुते पूर्वीप्रमाणेच घरी येई. पाटील-कुलकर्ण्यांचे तेच. वतनदार वृद्ध, आजारी अथवा अज्ञान असला तर गुमास्ता काम पाही, वतन मात्र त्याच्याच नावे राही. या व्यवस्थेत काम थांबविण्याचे वय नव्हते, त्यामुळे काम थांबल्यानंतर मिळणाऱ्या पैशाची कल्पनाही नव्हती. 'निवृत्ती' हा शब्द तेव्हाच्या मराठीत होता. परंतु तो प्रवृत्तीचा प्रतियोगी, संसारातून मन काढून घेणे या अर्थाचा होता. याच जिल्ह्यातील तेर गावच्या गोरा कुंभाराला परंपरा संतमेळ्यातील वडीलधारा मानते व 'काका' म्हणते. त्या काकांचे चित्र लोकमानसात चिखल तुडविणाऱ्या कुंभाराचेच आहे. भक्ती वाढली म्हणून चाक सुटले नाही, आणि वय वाढले म्हणूनही नाही.

तुळजापुरास या वाट्याच्या व्यवस्थेचे एक ठळक रूप पाहावयास मिळते. भवानीच्या मंदिरात भोपे, पाळीकर व उपाध्ये असे पुजाऱ्यांचे वर्ग आहेत, आणि सेवेचा व उत्पन्नाचा क्रम 'पाळी'ने ठरतो. पाळी म्हणजे आळीपाळीने येणारा हक्काचा काळ. हा हक्क घराण्याचा असल्यामुळे घरातील वृद्धाचे पोट पाळीवर चाले. तो स्वतः गाभाऱ्यात उभा राहिला काय किंवा त्याचा पुतण्या उभा राहिला काय, उत्पन्नात फरक पडत नसे. जिज्ञासूंनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आईबाप ज्याच्याकडे महिना-महिना राहतात त्या मुलाच्या वाट्याला येणाऱ्या काळासही मराठीत पाळीच म्हणतात. एका ठिकाणी पाळी हा मिळकतीचा मान आहे, दुसऱ्या ठिकाणी तो खर्चाचा वाटा आहे. शब्द एकच राहिला आणि त्याच्या जमेची बाजू नावेची झाली, ही केवळ भाषिक गंमत नव्हे. जेथे वडिलांच्या नावे हक्क आहे तेथे पाळी भांडून घेतली जाते, जेथे तो नाही तेथे ती भांडून टाळली जाते.

या वाट्याच्या व्यवस्थेविषयी अलीकडे काहीशा हळवेपणाने लिहिले जाते. त्या लेखनास उत्तर याच जिल्ह्यात मिळते. कळंबच्या वाटेवरील कसबे तडवळे या गावी १९४१ च्या फेब्रुवारीत महार-मांग वतनदारांची परिषद भरली व तीस डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. महार वतनाविरुद्धचा लढा त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात १९२८ पासूनच चालविला होता. वतनाची जमीन, बलुत्यातील भाकरी व सणाचे मागणे हे वरकरणी वृद्धापकाळाचे संरक्षण होते. परंतु त्याची किंमत अशी की, म्हाताऱ्याचे काम थांबले की तेच काम, त्याच अपमानासह, मुलाच्या गळ्यात पडे. रात्री-अपरात्री वर्दी द्यावयास, मेलेले ढोर ओढावयास, सरकारी टपाल पोचवावयास घरातील कोणीतरी हजर असलेच पाहिजे. न गेल्यास वाटा बंद. म्हणजे बापाच्या म्हातारपणाचे संरक्षण मुलाच्या स्वातंत्र्याने फेडले जाई. ज्यांनी वतन सोडण्याची मागणी केली त्यांनी ही सोय बुडणार हे जाणूनच ती केली होती. सुरक्षिततेचा हिशेब मांडताना हा खर्च वजा केल्यावाचून बेरीज बरोबर येत नाही.

घराच्या आतील व्यवहारासाठी जुन्या मराठीत दोन शब्द प्रमुख आहेत : अन्नवस्त्र आणि पोटगी. पहिला संस्कृत समास, दुसरा मराठी 'पोट' आणि फारसी प्रत्यय यांच्या संकरातून झालेला. दोन्ही शब्द कागदोपत्री येतात ते बहुधा भांडण झाल्यावर, अथवा भांडण होईल या भयाने. वाटणीपत्रात वडिलांच्या नावे थोडी जमीन त्यांच्या हयातीपर्यंत राखावी, किंवा मुलांनी त्यांस धान्य व कापड द्यावे, अशी कलमे असत. दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानी कागदांत अशा निर्वाहासाठी तोडून दिलेल्या जमिनीस 'जिवाई' म्हणत. हैदराबादी दप्तरात हयातीपुरत्या देणगीस 'तहहयात' हे विशेषण लागे. एकत्र कुटुंबातील विधवेला निजामी अमलात वाटा नव्हता, अन्नवस्त्राचाच हक्क होता. म्हातारी विधवा हा या सगळ्या शब्दांचा सर्वांत मोठा व सर्वांत निमूट विषय आहे.

अन्नवस्त्र या समासात काय आहे यापेक्षा काय नाही हे अधिक बोधप्रद आहे. त्यात अन्न आहे, वस्त्र आहे; औषध नाही. हा विसर नव्हे. ज्या काळी वैदूचा पाला, सुंठ-ओवा व देवाचा अंगारा हाच उपचार होता आणि फार थोडी माणसे दीर्घ वार्धक्य पाहत, त्या काळी औषधासाठी स्वतंत्र तरतुदीचे कारण नव्हते. म्हाताऱ्याच्या निर्वाहास रोकड जवळजवळ लागतच नसे. ज्वारी घरची, लुगडे-धोतर वर्षाचे, निवारा माळवदाखालचा. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम १९५६ मध्ये आला, आणि त्यात निर्वाहाची व्याख्या करताना अन्न, वस्त्र व निवारा यांच्या जोडीला वैद्यकीय शुश्रूषा व उपचार हे शब्द घातले गेले. वृद्ध अथवा अपंग आईबापांना सांभाळण्याचे बंधन मुलाप्रमाणेच मुलीवरही आले. कायद्याच्या भाषेत औषध शिरले खरे. घराच्या भाषेत शिरावयास आणखी बराच काळ जावयाचा होता.

राजसत्तेने काय केले? शिवकाळाविषयी लिहिताना सभासदाने रणात पडलेल्यांच्या कुटुंबांस दिलेल्या वेतनाचा व जखमींस दिलेल्या होनांचा उल्लेख केला आहे. मराठी कागदांतील 'बालपरवेशी' हा शब्द याच व्यवस्थेचा. त्यातील उत्तरपद फारसी 'परवरिश'चे मराठी रूप आहे. परंतु ही तरतूद मृत व जखमी यांच्यासाठी होती. जो शिपाई न मरता म्हातारा झाला त्याच्यासाठी वेगळा शब्द घडविण्याची गरज तेव्हा भासली नाही. तो आपल्या गावी, आपल्या वाट्यावर परत जाई.

नोकरीचा शेवट वयाने होतो आणि त्यानंतरही पैसा येतो, ही कल्पना या मुलखात आणली ती पगारी नोकरशाहीने. सालारजंग १८५३ मध्ये दिवाण झाला. १८६५ च्या जिलाबंदीने मक्तेदार तालुकदारांच्या जागी वेतनी अधिकारी आले. या नोकरवर्गाच्या निवृत्तिवेतनास दप्तरी उर्दूत 'वजीफा-ए-हुस्ने-खिदमत', म्हणजे चांगल्या सेवेचा वजिफा, असे नाव होते व निवृत्त गृहस्थ 'वजीफायाब' म्हटला जाई. अरबीतील 'वजीफा' या शब्दाचा प्रवास लक्षणीय आहे. नेमून दिलेले काम आणि नेमून दिलेली रक्कम असे दोन्ही अर्थ त्यात मुळात आहेत. आधुनिक अरबीत त्याचा अर्थ नोकरी असा स्थिरावला, तर दख्खनमध्ये नोकरी सुटल्यावर मिळणारा पैसा असा. त्याला जोडलेले 'हुस्ने-खिदमत' हे पद मात्र विसरता कामा नये. वजिफा हा चांगल्या वागणुकीचा मोबदला होता. दिला जाणारा, म्हणून रोखताही येणारा. पेन्शन या इंग्रजी शब्दाबरोबर हक्काची भावना हळूहळू आली. 'निवृत्तिवेतन' या आधुनिक मराठी शब्दाने तर संसारत्यागाच्या जुन्या शब्दाला वेतन जोडून दिले, आणि आता त्यातील विसंगती कोणाच्या लक्षातही येत नाही.

अर्थात् वजिफायाबांची संख्या जिल्ह्यात फार थोडी होती. तहसील, अदालत, पोलीस, मदरसा व टपाल यांतील मोजकी माणसे. बाकीचा जिल्हा शेतावर, बलुत्यावर वा मजुरीवर जगत होता.

१९४८ नंतरच्या पंधरा वर्षांत हा सर्व जुना पाया कायद्याने काढून घेतला गेला. जहागिऱ्या १९४९ मध्ये गेल्या. १९५० मध्ये कुळकायदा आला. इनामे व रोख अनुदाने नाहीशी करणारा हैदराबादचा कायदा १९५४ चा. वंशपरंपरागत पाटीलकी संपविणारा महाराष्ट्राचा कायदा १९६२ चा. हे सर्व कायदे न्याय्य होते, आणि कसबे तडवळ्याच्या परिषदेचा विचार करता ते उशिरानेच झाले असे म्हणावे लागते. परंतु आर्थिक इतिहासाने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. ज्यांच्याकडे जमीन राहिली त्यांचे म्हातारपण जमिनीवर निभावले. ज्यांना सरकारी नोकरी मिळाली त्यांचे पेन्शनीवर. बलुतेही याच सुमारास पैशाच्या व्यवहारापुढे आटत गेले. भूमिहीन मजुराच्या व बलुतेदाराच्या म्हाताऱ्या आईबापांसाठी मात्र जुन्या वाट्याच्या जागी काहीही आले नाही. ही पोकळी जवळजवळ दोन तपे राहिली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील खडी फोडण्याच्या कामांवर वृद्ध स्त्री-पुरुष बसलेले दिसत, याचे कारण त्या पोकळीत आहे. दुष्काळी कामाला किमान वय होते, कमाल वय नव्हते.

ऑक्टोबर १९८० मध्ये महाराष्ट्र सरकारने संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. १९५४ च्या कायद्याने जी 'रोख अनुदाने' बंद झाली होती त्यांचे धनी बहुतांशी प्रतिष्ठित होते. तोच शब्द आता ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी परत आला. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राने ६५ वर्षांवरील निर्धन वृद्धांस दरमहा ७५ रुपयांचे वृद्धापकाळ निवृत्तिवेतन देऊ केले. पुढे राज्याची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आली. हे नाव ज्याने सुचविले त्याने पुराणकथेचा शेवट बहुधा नजरेआड केला असावा. कावड वाहणारा श्रावण बाणाने मरतो आणि आंधळे आईबाप निराधार होऊन प्राण सोडतात. तथापि नावामागील भाव स्पष्ट आहे. कावडीचा एक खांदा सरकारने द्यावयाचा आहे.

लोकांनी या नावांचे काय केले हे पाहण्यासारखे आहे. योजनेचे लांब नाव गळाले व 'निराधार' एवढेच उरले. 'निराधारात नाव लागले' असे म्हटले जाते. जो शब्द व्यक्तीचे दैन्य सांगण्यासाठी योजला होता तो यादीचे, किंबहुना एका प्रकारच्या हक्काचे नाव झाला. मुलगे असलेली म्हातारीही 'मी निराधारात आहे' असे सांगते, तेव्हा ती मुलांची निंदा करीत नसते. दुसरा बदल अधिक महत्त्वाचा आहे. सरकार ज्यास अनुदान वा अर्थसाहाय्य म्हणते त्यास गावात सर्रास 'पगार' म्हणतात : 'औंदा दोन महिन्याचा पगार आला नाही.' हा शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आला व त्याचा अर्थ केलेल्या कामाचा मोबदला असा आहे. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात खुरपणी केलेल्या बाईने सत्तराव्या वर्षी मिळणाऱ्या रकमेस पगार म्हणावे, यात अज्ञान पाहणारे पुष्कळ आहेत. वस्तुतः तिने केलेले वर्गीकरण दप्तरातील वर्गीकरणापेक्षा इतिहासाला अधिक धरून आहे. खळ्यावरचा वाटा, वजिफा आणि पेन्शन या तिन्हींच्या मागे काम होते. अनुदानाच्या मागे केवळ दया आहे. तिने दयेचा शब्द सोडून कामाचा शब्द घेतला.

रक्कम मात्र पगाराची नाही. २०२३ पासून ती दरमहा १,५०० रुपये झाली, म्हणजे वर्षास १८,०००. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला त्यासाठी लागतो. आजच्या मजुरीच्या दराने हा आकडा कोणत्याही कष्टकरी घरास वस्तुतः लागू पडणे कठीण. परिणामी दाखला हा सत्यकथनाचा कागद न राहता ओळखीपाळखीचा कागद बनतो, आणि ज्याची ओळख नाही तो खरा निराधार यादीबाहेर राहतो. या रकमेतील केंद्राचा वाटा ८० वर्षांखालील वृद्धांच्या बाबतीत २०० रुपयांवरच थांबलेला आहे.

तरीही ही लहान रक्कम तिच्या आकड्यापेक्षा मोठे काम करते, आणि याचे कारण पुन्हा अन्नवस्त्र या समासात सापडते. भाकरी आजही बहुतेक घरांत मिळते. जे मिळत नाही ते रोख पैसे. आणि वार्धक्यास आता रोखीवाचून चालत नाही, कारण ते लांबले आहे आणि औषधावर चालते. रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी रोजची असते, ती ज्वारीच्या बदल्यात येत नाही. सरकारी आरोग्यकेंद्रात औषध विनामूल्य असले तरी तेथवरची वाट विनामूल्य नाही. परंड्या-भूमचा रोगी बार्शीस, तुळजापूर-उमरग्याचा सोलापुरास, कळंबचा लातुरास जातो. सोबत कोणीतरी एक दिवसाची मजुरी बुडवून येतो. जनआरोग्य योजना आणि २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांस लागू झालेली केंद्राची आयुष्मान योजना या रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या खर्चासाठी आहेत. रोजची गोळी व एस. टी. चे तिकीट त्यांच्या बाहेर राहते. तो खर्च 'पगारा'तून होतो. सुनेपुढे हात न पसरता गोळी आणता येणे, नातवाच्या हातावर दहा रुपये ठेवता येणे, यामुळे घरातील म्हाताऱ्या माणसाचे स्थान बदलते. एके काळी हे स्थान त्याच्या नावच्या पाळीमुळे किंवा वतनामुळे असे.

२००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याने उपविभागीय अधिकाऱ्यापुढे दाद मागण्याची सोय केली व दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च ठरविण्याचा अधिकार दिला. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, रद्द करविता येते हे त्यातील महत्त्वाचे कलम. वाटणीपत्रातील जुने अन्नवस्त्राचे कलम अशा रीतीने परत आले आहे. पण ज्याने काहीतरी लिहून दिले आहे त्यालाच त्याचा उपयोग. ज्याच्याकडे लिहून देण्यासारखे काही नव्हते, आणि ज्याचा मुलगा स्वतःच हातावर पोट असलेला आहे, त्याच्यापुढे कलम २३ हे केवळ छापील अक्षर आहे.

निवाऱ्याचीही एक बाजू येथे सांगितली पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात उमरगा तालुक्यातील व आताच्या लोहारा तालुक्यातील गावांत दगडमातीची माळवदी घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. पुनर्वसनात घराचा आकार कुटुंबाच्या जमिनीवरून ठरला. भूमिहीनांस व अल्पभूधारकांस २५० चौरस फुटांचे घर मिळाले. जुन्या वाड्यात म्हाताऱ्यांसाठी ओसरी व एखादा खण असे. तो कोणी त्यांना लिहून दिलेला नव्हता, केवळ वहिवाटीने त्यांचा होता. नव्या वसाहतीच्या आखीव आराखड्यात या वहिवाटीला जागा नव्हती.

सरकारी नोकरांच्या बाबतीतही शब्द पुन्हा हलला आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांस महाराष्ट्राने निश्चित निवृत्तिवेतनाऐवजी अंशदानाची योजना लागू केली. तेव्हापासून मराठीत 'जुनी पेन्शन' असा जोडशब्द रूढ झाला आणि २०२३ च्या मार्चमधील संपात तो जिल्ह्याच्या ठाण्यातही घोषणेत ऐकू आला. ज्यांना कधी नवीही नव्हती त्यांच्याविषयी त्या घोषणेत अर्थातच काही नव्हते.

भूम, परंडा, वाशी व कळंब या भागांतून ऊस तोडावयास जाणाऱ्या जोडप्यास 'कोयता' म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल मुकादमाकडून मिळते, ऊस कारखान्यास जातो, आणि मालक कोण हे कागदावर ठरत नसल्यामुळे भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्नच उद्‌भवत नाही. दिवाळीनंतर तरणी माणसे निघाली की गावात म्हातारी, लहान मुले व जनावरे राहतात. पाच-सहा महिने घर, गोठा आणि शाळेत जाणारी नातवंडे म्हाताऱ्यांच्या अंगावर असतात. या कामास कोणत्याही दप्तरात नाव नाही. कोयत्यातील एकाची कंबर गेली की दुसऱ्याचा अर्धा कोयता होतो, त्याची उचल घटते, आणि पहिला गावी परत येऊन पासष्टावे वर्ष पूर्ण होण्याची वाट पाहतो. उसाच्या फडात कंबर सहसा त्याच्या पुष्कळ आधी जाते.